रोज एक, आणि चौथा प्रहर

गेल्या ऑक्टोबरात आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाच्या फलकावर एकतीस शब्दांची एक यादी लागली. 'उंबरा', 'गंज', 'ओल', 'शिट्टी', 'उधारी' असे साधेच शब्द. रोज त्यांतील एक शब्द घ्यायचा, त्यावर एक चित्र काढायचे किंवा आठ ओळींच्या आत काही लिहायचे आणि रात्री बाराच्या आत ते मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचे. एकही दिवस चुकवायचा नाही. कल्पना द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीची आणि प्रेरणा अर्थातच 'इंकटोबर'ची. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने २००९ साली शाईच्या कामावर आपला हात बसावा म्हणून ऑक्टोबरभर रोज एक चित्र काढायचे ठरवले आणि पुढे जगभरच्या हौशी-व्यावसायिक मंडळींनी तो उपक्रम उचलला. मूळ हेतू इतका खासगी होता, हे आज बहुतेकांच्या लक्षातही नसते. 'यातून क्रिएटिव्हिटी परत येते, मॅडम,' असे ती मुलगी मला म्हणाली. परत येते म्हणजे ती गेलेली आहे, हे तिने गृहीतच धरले होते. माझ्या बाबतीत ते खरे असल्यामुळे मी काही बोलले नाही. यादी उतरवून घेतली.

माझी शेवटची कविता छापून आली त्याला आता पंधरा वर्षे होऊन गेली. कविता नेमकी कधी थांबली ते मला सांगता येणार नाही. एखाद्या विहिरीचे पाणी आटावे आणि ते कोणाच्या लक्षात येऊ नये, कारण दरम्यान घरात नळ आलेला असतो, तसे काहीसे झाले. नळाने शोधनिबंध आले, अहवाल आले, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. लिहिणे चालूच होते, त्यामुळे न लिहिण्याची जाणीव झाली नाही. दरवर्षी साहित्यशास्त्राच्या तासाला 'निर्मितिप्रक्रिया' हा घटक शिकवताना मात्र एक बारीकशी लाज वाटे. पोहायला न उतरता काठावरून हात कसे मारावेत हे सांगणाऱ्या माणसासारखी ती अवस्था होती. मराठीच्या किती प्राध्यापकांची ती आहे, याचा हिशेब येथे मांडत नाही. वाचणाऱ्यांनी आपापला मांडावा.

मी कविता न निवडता चित्र निवडले. कारण सरळ होते. कवितेत माझी थोडी पत होती आणि ती जाण्याची भीती होती. चित्रात गमावण्यासारखे काहीच नव्हते. शाळेत असताना एलिमेंटरीची परीक्षा 'क' श्रेणीत उत्तीर्ण झाले होते आणि इंटरमिजिएटचा अर्ज भरायचा राहून गेला होता, एवढीच माझी चित्रकलेची पुण्याई. मी राहते पेणला आणि शिकवते रोह्याला. सकाळच्या गाडीने कासू, नागोठणे, निडी ही स्थानके पार करीत रोह्याला उतरायचे, हा नित्यक्रम. तेवढ्या वेळात एक चित्र होऊन जाते, हे पहिल्याच दिवशी कळले. पहिल्या आठवड्यातील आनंद मी नाकारणार नाही. खिडकीचे गज, समोरच्या बाकावरची झोपलेली बाई, कोळणीची रिकामी पाटी, भातकापणी झालेल्या खाचरांत उभे असलेले बगळे. ज्या मार्गावरून वर्षानुवर्षे गेले, त्या मार्गावरचे मी पहिल्यांदाच काही पाहत होते. या एका गोष्टीसाठी मी त्या मुलीची ऋणी आहे आणि पुढे जे लिहिणार आहे ते या ऋणाच्या आड येऊ नये.

दुसऱ्या आठवड्यात काय झाले? चित्रे सराईत होऊ लागली. कोणत्या चित्राला गटावर किती अंगठे येतात हे मला पाठ झाले. म्हातारी माणसे, ओला रस्ता, दिव्याचा खांब यांना हमखास दाद. बाराव्या-तेराव्या दिवसापासून मी गाडीत बसले की आधी 'आज काय चालेल' याचा विचार करू लागले. एकोणिसावा दिवस चुकला. परीक्षेच्या कामात रात्र झाली आणि चित्र राहून गेले. वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी एका व्हॉट्सअ‍ॅप गटापुढे मला जी शरम वाटली ती हास्यास्पद होती, पण खरी होती. दुसऱ्या दिवशी दोन चित्रे टाकून भरपाई केली. त्यांतले एक चित्र म्हणजे निव्वळ भरपाईच होती. एकतिसाव्या दिवशी सगळ्यांनी सगळ्यांचे अभिनंदन केले आणि गट शांत झाला.

दिवाळीच्या सुट्टीत वही उघडून मी सगळी चित्रे एका बैठकीत पाहिली. महिनाभरात मी मागचे पान एकदाही उलटले नव्हते, हे तेव्हा लक्षात आले. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. एकतीस चित्रांपैकी सतरा-अठरा चित्रांत माणसे होती आणि एकाही माणसाला हात नव्हते. कोणाचे खिशात होते, कोणाचे पदराआड, कोणाचे पाठीमागे बांधलेले. कोळणीचे पाटीखाली दडलेले, तर झोपलेल्या बाईचे पिशवीच्या मागे. मला हात काढता येत नाहीत. हे मला माहीत नव्हते, कारण मी कधी काढूनच पाहिले नव्हते. आणि ते कोणी सांगितले नाही, कारण प्रत्येक चित्र वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळे पाहिले गेले. एकेका चित्रात हात झाकलेले असणे ही चूक नव्हतीच. ती चूक फक्त एकतिसांत मिळून होती. हात लपवण्याची कला मात्र मला महिनाभरात उत्तम साधली होती. सराव चुकीचाही होतो आणि तो तितक्याच निष्ठेने होतो.

तेव्हा प्रश्न असा पडतो की 'रोज' हेच चुकीचे आहे का? प्रतिभेला असे वेळापत्रकात बसवता येत नाही, ती स्फुरते तेव्हा स्फुरते, असे म्हणून हात झटकणारा एक वर्ग आपल्याकडे आहे आणि त्यात न लिहिणारे फार आहेत. त्यांच्याशी माझे अजिबात जमत नाही. रोज काही लिहावे हा समर्थांच्या नावाने सांगितला जाणारा उपदेश शाळेच्या भिंतींवर आपण सगळ्यांनी वाचलेला आहे. पण रोज लिहायचे म्हणजे दिवसात नेमके काय करायचे, याचा तपशील पाहायचा तर त्याहून मागे जावे लागते. तो राजशेखराने दिला आहे.

राजशेखर हा इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांच्या संधीवरचा, कनौजच्या प्रतिहारांच्या आश्रयाचा. पण त्याचा पणजा अकालजलद हा 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणवला जात असे, म्हणून आपण त्याच्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही. त्याच्या 'काव्यमीमांसे'च्या दहाव्या अध्यायात कवीची दिनचर्या आहे. अभ्यासक्रमात आपण काव्यमीमांसेतला काव्यपुरुष शिकवतो, प्रतिभेचे कारयित्री-भावयित्री हे भेद शिकवतो आणि ही दिनचर्या गमतीचा भाग म्हणून सोडून देतो. मीही वर्षानुवर्षे सोडली. ती अशी: दिवसाचे चार प्रहर. पहिल्या प्रहरात काव्याला उपयोगी पडणाऱ्या विद्यांचे वाचन-मनन. दुसऱ्यात प्रत्यक्ष काव्यरचना. मध्यान्हीच्या सुमारास स्नान-भोजन आणि त्यानंतर काव्यगोष्ठी, म्हणजे समानधर्म्यांशी चर्चा, प्रश्नोत्तरे, समस्यापूर्ती वगैरे. आणि चौथ्या प्रहरात, एकट्याने किंवा अगदी मोजक्या मंडळींसह, सकाळी जे रचले त्याची परीक्षा. कारणही तो देतो. रसाच्या आवेशात लिहीत असताना पारखणारी दृष्टी जागी नसते, म्हणून मागाहून पाहायचे. जास्त झालेले काढायचे, कमी पडलेले भरायचे, जागा चुकलेले हलवायचे, विसरलेले आठवून घालायचे. त्यानंतर रात्री पारखून झालेल्याची प्रत करायची.

येथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक म्हणजे चारांपैकी रचनेला मिळालेला प्रहर एकच आहे. दुसरी, गोष्ठीची वेळ आणि परीक्षेची वेळ त्याने वेगळी ठेवली आहे. गोष्ठी ही चार लोकांत रमण्याची जागा. परीक्षेला मंडळी मोजकीच हवीत आणि तीही नसली तर एकटेपणा चालेल. याच ओघात अर्धवट झालेले काव्य कोणाला म्हणून दाखवू नये, नाहीतर ते पुरे होत नाही, अशीही एक सूचना त्याने करून ठेवली आहे. (नवे काव्य एकट्याच माणसापुढे म्हणू नये, तो उद्या स्वतःचे म्हणून सांगेल आणि मग साक्षीदार कोण आणणार, हीसुद्धा! हजार-अकराशे वर्षांत साहित्यव्यवहार फारसा बदललेला नाही.)

आता आमच्या ऑक्टोबरातला दिवस या चार प्रहरांवर ठेवून पाहा. पहिला प्रहर नाही. तिसरा आणि चौथा एकमेकांत कालवलेले, आणि तेही बारा वाजायच्या आत. रचना झाली की लगेच सभा. सभा झाली की विषय संपला, कारण उद्या दुसरा शब्द वाट पाहतो आहे. मोजक्या मंडळींच्या जागी दोनशे जणांचा गट. त्यांच्यापाशी परीक्षेला वेळ नाही, फक्त अंगठा आहे. या आव्हानात 'रोज' हा भाग जुनाच आहे आणि चांगला आहे. त्यातून चौथा प्रहर गळाला आहे, हे माझे म्हणणे. मम्मटानेही शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन सांगितली, पण 'हेतू' हा शब्द एकवचनी ठेवला आणि वृत्तीत बजावून सांगितले की ही तिन्ही मिळून एकच कारण आहे, सुटी सुटी तीन कारणे नव्हेत. शिवाय त्याचा अभ्यास हा काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणुकीने केलेला अभ्यास आहे. नुसती आवृत्ती नव्हे.

हे सारे पोथीतले झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून आमच्याच तालुक्यातले एक उदाहरण घेते. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. विनोबांचे गागोदे म्हणून शाळेच्या सहली तेथे जातात. विनोबा तरुणपणी कविता करीत, हे त्या सहलीत फारसे कोणी सांगत नाही. ते कविता करीत, घोळवीत, स्वतःशी म्हणत आणि ती मनासारखी उतरली की अग्नीला अर्पण करीत. पुढे काशीला गेल्यावर गंगेच्या काठी बसून लिहीत आणि गंगेत सोडून देत. या गोष्टीकडे आपण वैराग्याची कथा म्हणून पाहतो. ती तशी आहेच. पण मला त्यात आता एक वेगळी गोष्ट दिसते. मनासारखी उतरेपर्यंत ती कविता त्यांनी जवळ ठेवलेली आहे. जाळायच्या कवितेवरही त्यांनी चौथा प्रहर खर्च केला. कोणी पाहणार नाही हे ठाऊक असतानाही.

आणि मग 'गीताई'. संस्कृत गीता कळत नाही, मराठीत सोपी हवी, ही आईची, रुक्मिणीबाईंची, इच्छा. तूच का करीत नाहीस, हे तिचेच म्हणणे. ती १९१८ साली गेली. ७ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटेच्या प्रार्थनेनंतर विनोबांनी कामाला आरंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ते पुरे केले. म्हणजे चार महिने. योगायोगाने आरंभाचा महिना ऑक्टोबरच. सातशे श्लोक, रोजचे काम. 'रोज एक'वाल्यांना हे उदाहरण आवडावे असे आहे. पण पुढचा भाग महत्त्वाचा. काम पुरे झाल्यावर त्यांनी ते आश्रमातल्या लहान मुलींना शिकवायला घेतले. ज्या शब्दाला मुली अडत तो टिपून ठेवायचा आणि बदलायचा. राजशेखराची मोजकी परिषद ती हीच! पंडितांची नाही, कवींची नाही. जिच्यासाठी लिहिले ती आई हयात नव्हती, म्हणून जणू तिच्या जागी बसवलेल्या मुलींची. मग १९३२ साली पुस्तक निघाले, तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते.

विनोबांचे उदाहरण देण्यात एक धोका आहे, तो मला ठाऊक आहे. त्यांच्या तपश्चर्येशी आपली तुलना करून आपण चटकन निवांत होतो. 'ते विनोबा होते' म्हणून सुटका करून घेतो. तसे करायचे नसेल तर संसारी माणसाचे उदाहरण रोह्याचे आहे. चिंतामणराव देशमुखांचे बालपण रोह्यात गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. आणि एवढ्या व्यापात 'मेघदूता'चे मराठीत भाषांतर, गांधीवचनांची संस्कृत पद्ये. आमच्या शोधनिबंधांच्या सबबीचे यापुढे फारसे वजन राहत नाही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा अडथळा आहे तो 'गीतरामायणा'चा. १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या काळात पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक गीत. बावन्नांचा बेत होता, पण त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे छप्पन्न झाली. गदिमांनी लिहायचे, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, वादक-गायक बसलेले, आणि ठरल्या दिवशी ते महाराष्ट्रभर ऐकू जाणार. याहून जाहीर आणि याहून कडक मुदत कोणती? येथे चौथा प्रहर कुठे होता? मुदतीने सर्जन मरते म्हणावे तर मराठीतले हे एवढे मोठे काम उभे आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिली, हेही आपण वर्गात कौतुकाने सांगतो. मग?

मी यावर बराच विचार केला. माझे उत्तर अर्धे आहे. गदिमांनी 'गीतरामायण' घेतले तेव्हा त्यांच्यामागे चित्रपटगीतांची, पटकथांची, लावण्या-पोवाड्यांची वर्षे होती. रामकथा तर कानात बसलेली होती. मुदतीने तो साठा बाहेर ओढला. मुदत साठा तयार करीत नाही. शिवाय मधे एक फडके होते. ओळ चालीत बसत नाही, येथे अक्षर जड होते, हे सांगणारा जाणता माणूस दर आठवड्याला समोर असणे म्हणजे चौथा प्रहर नव्हे तर काय? दोनशे अंगठ्यांपेक्षा असा एक माणूस पुरतो. साने गुरुजींचेही तसेच. पाच दिवसांच्या मागे आईच्या आठवणींची तेहतीस वर्षे होती. पण उत्तर अर्धे अशासाठी की काही माणसे खरोखर मुदतीशिवाय हलतच नाहीत, आणि मी त्यांच्यातली आहे. त्या यादीशिवाय मी वही उघडली नसती. ही गोष्ट माझ्या सिद्धान्तात बसत नाही आणि ती बसवण्याचा खटाटोपही मी करणार नाही.

दिवाळीनंतर मी हमरापूरला गेले. पेण म्हटले की गणपती, हे महाराष्ट्राला सांगायला नको. पेण शहर आणि हमरापूर, जोहे, कळवे या परिसरात गणपतींचे कारखाने आहेत. येथे 'स्टुडिओ' म्हणत नाहीत, 'कारखाना'च म्हणतात. २०२३ साली पेणच्या गणेशमूर्तींना भौगोलिक मानांकन मिळाले. मूर्ती इथली असली तरी शाडूची माती येते गुजरातहून, हा एक विनोदच. मानांकन मातीला नाही, हाताला आहे, असे म्हणता येईल. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या वडिलांचा तेथे छोटासा कारखाना आहे. हात शिकायचे तर ज्याच्याकडे हातांचा ढीग आहे त्याच्याकडे जावे, असा माझा साधा विचार होता. आणि तेथे खरोखरच ढीग होता. धड साच्यातून निघते आणि हात वेगळे काढून मागाहून जोडतात. फळीवर नुसते हात वाळत घातलेले होते. आशीर्वादाचे, मोदकाचे, पाश-अंकुशाचे. मला त्या रांगांपुढे थोडे शरमल्यासारखे झाले.

कारखान्याचे काव्य करण्याचा मोह मी आवरते. रोजच्या आवृत्तीतून तेथे कला फुलते, असे मुळीच नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो घेऊन येते. दगडूशेठ हवा, लालबागचा राजा हवा, हेच आसन, हाच मुकुट. प्लॅस्टरच्या मूर्तींवरील निर्बंध, ते कधी कडक तर कधी सैल होणे, न्यायालयाचे आदेश यांच्या टांगणीवर गेली काही वर्षे हा सगळा व्यवसाय आहे. शाडू वाळायला दिवस घेतो, प्लॅस्टर मिनिटांत धरते. ज्याला हंगामाआधी कर्ज फेडायचे आहे त्याने काय करावे, हे आपण सुचवणे सोपे आहे. काकांना मी विचारले, 'रोज तेच ते करून कंटाळा येत नाही?' ते म्हणाले, 'येतो की. पोटासाठी करतो ना, मग कंटाळा आला तरी हात थांबत नाय. थांबला तर दुसऱ्या दिवशी आखणीला कापतो.' सर्जनशीलता, प्रेरणा असल्या शब्दांची त्यांना गरज पडली नाही.

पण एक गोष्ट मी तेथे पाहिली आणि तिच्यासाठी हा लेख लिहायला बसले. डोळ्यांची आखणी हे सर्वांत जोखमीचे काम. ते काका स्वतः करतात. दुसऱ्या कोणाला देत नाहीत. सकाळी ऊन नीट आले की बसतात. आधी एका फुटक्या पाटावर चार-सहा डोळे काढून हात मोकळा करतात, मग मूर्तीला ब्रश लावतात. दुपारनंतर आखणी बंद. संध्याकाळी दिवसभरातल्या मूर्ती एका ओळीत मांडतात आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहतात. तेथून पाहतात. सगळ्या एकदम. बराच वेळ. मग आत येऊन एखादी मूर्ती उचलतात आणि बाजूला ठेवतात. तिच्या डोळ्यांवर पुन्हा अंगाचा रंग बसायचा असतो. 'जवळून बरोबर वाटते,' ते म्हणाले, 'पण ओळीत ठेवली की ही एकटीच भलतीकडे बघताना दिसते.'

माझी एकतीस चित्रे मी ओळीत मांडली असती तर त्यांतल्या माणसांचे हात गायब आहेत हे सहाव्या-सातव्या दिवशीच कळले असते.

यंदा वाङ्मय मंडळाच्या बैठकीत मी सुचवले की शब्दांची यादी ठेवू, महिनाही ठेवू, पण आठवड्यातले चार दिवस करायचे, दोन दिवस मागचे काढून दुरुस्त करायचे आणि एक दिवस चार-पाच जणांच्या टोळीने बसून पाहायचे. गटावर काही टाकायचे नाही. महिन्याअखेर ज्याला वाटेल त्याने एकच गोष्ट दाखवायची. यादीवाली ती मुलगी आता तृतीय वर्षाला आहे. ती म्हणाली, 'मॅडम, रोज दाखवायचं नसेल तर मुलं करतील कशाला?' तिच्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. ती धाटावच्या वसाहतीतून रोज येते, घरी लिहायला स्वतंत्र जागा नाही, आणि तिच्या लिहिण्याची दखल घेणारे जगात पहिले कोणी असेल तर तो गटच होता. अंगठा ही क्षुद्र गोष्ट आहे असे म्हणणे मला परवडते, कारण माझ्या वाट्याला विशीत नियतकालिकांचे संपादक आले होते; कविता परत पाठवताना समासात दोन शब्द लिहिणारे. ती नियतकालिके बहुतेक बंद पडली. चौथा प्रहर गळाला तो काही या मुलांनी टाकून दिला म्हणून नाही. तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, आणि तो पोचवण्याचे काम ज्यांचे होते ते आम्ही निर्मितिप्रक्रियेच्या टिपा उतरवून देत होतो.

शेवटी तडजोड झाली. गट राहणार, पण टोळीने पाहून झालेलेच गटावर जाणार. माझ्या टोळीत तिच्यासह चौघे आहेत. पहिल्या बैठकीत त्यांनी माझी गेल्या वर्षीची वही मागून घेतली आणि पुस्तकांच्या कपाटासमोर फरशीवर सगळी चित्रे ओळीने पसरली. हातांचे मी आधी सांगितले नव्हते. ते त्यांना तीन मिनिटांत दिसले. त्यातल्या एका मुलाला आणखी एक गोष्ट दिसली, जी मला वर्षभर दिसली नव्हती: माझ्या चित्रांतली सगळी माणसे गाडीत आहेत, पण एकही जण खिडकीबाहेर पाहत नाही.

अधूनमधून शनिवारी दुपारी मी हमरापूरला उतरते. काका एक जोडायचा हात काढून देतात आणि मी तो सर्व बाजूंनी काढून पाहते. मनगट आता जमते, बोटेही थोडीफार. अंगठा तळव्यातून नेमका कुठून निघतो ते अजून सापडलेले नाही.